आधी पंचा वाळत घाला: कोकणातून परदेशी निघालेल्यांसाठी ऊन-थंडीची ओळख

आमच्या वाडीतून दर वर्षी कोणी ना कोणी बाहेर निघतं. पूर्वी बोटीवर नाहीतर आखातात जायचे. हल्ली मुली नर्सिंग करून जर्मनीला जातात, मुलं शिकायला कॅनडाला. तिकीट हातात आलं की संध्याकाळी पडवीत येऊन बसतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, तिकडे टेंपरेचर किती असतं?"

मी मस्कतला सहा वर्षं काढली आणि पुढे कॅनडातल्या विनिपेगला सात. त्या जोरावर मी त्यांना उलटा प्रश्न घालतो: तिकडे ओला पंचा दोरीवर टाकला तर किती वेळात वाळेल?

पाऱ्याचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी हवेतल्या ओलाव्यात, वाऱ्यात आणि उजेडात असते. कोकणातल्या माणसाला तीच जास्त नडते, कारण आपण जन्मभर ओल्या हवेत वाढलेलो. कोरडी हवा आपल्या कातडीला, नाकाला, घशाला ठाऊकच नसते. वाळवंटात जा नाहीतर बर्फात, कोरडेपणाशी गाठ पडतेच. त्यामुळे खालची तयारी त्या क्रमानेच सांगतो.

पायरी १: निघण्याआधी आपलीच हवा समजून घ्या

रत्नागिरीत हिवाळ्यातल्या पहाटेही पारा सहसा १५ अंशांखाली जात नाही, आणि मे महिन्याच्या दुपारी तो ३३-३४च्या आसपास असतो. (दापोलीसारख्या उंचावरच्या गावात शेकोटी लागते, पण किनाऱ्याची गोष्ट वेगळी.) विदर्भातला माणूस हे आकडे ऐकून म्हणेल, यात उकाडा तो कसला? पण आपल्याकडे घाम येतो आणि अंगावरच राहतो. घाम उडून गेला तरच अंग गार होतं. हवा आधीच ओली असेल तर तो उडणार कुठे? ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असली की शरीराला ते साधारण ४३ अंशांसारखं जाणवतं. भारतीय हवामान खातंही उष्णतेची लाट ठरवताना मैदानात किमान ४० अंश धरतं आणि किनाऱ्यावर ३७ अंश, ते उगाच नव्हे.

आपल्याला वाचवतात ते खारे वारे. दुपारी समुद्रावरून झुळूक सुरू झाली की ओटीवर बसवतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडचा वारा जोर धरतो आणि समुद्राचा वारा उशिरा पोचतो, त्या दिवशी किनाऱ्यावरही पारा ३८-३९ला भिडतो. तो दिवस आठवून ठेवा. आखातातल्या उन्हाळ्याची थोडीफार कल्पना त्यावरून येईल.

आता पंच्याकडे या. आषाढात तो तीन दिवस दमटच राहतो, शेवटी चुलीच्या वर टांगून वाळवावा लागतो. मे महिन्यात दोन-तीन तास पुरतात. हे माप लक्षात ठेवा. नव्या गावात पोचलात की पहिल्याच दिवशी पंचा धुऊन एक बाहेर आणि एक खोलीत टाका आणि घड्याळ बघा. मला तरी यापेक्षा सोपं यंत्र सापडलेलं नाही.

पायरी २: त्या गावाचे आकडे काढा, देशाचे नकोत

"कॅनडा थंड" या वाक्याचा उपयोग नाही. विनिपेगची जानेवारीतली सरासरी उणे १६च्या आसपास असते, टोरांटोची उणे ४च्या जवळपास. एवढ्या फरकाने कपडे बदलतात, बूट बदलतात, गाडीची निगा बदलते. म्हणून ज्या गावात राहणार त्याचं जानेवारीतलं किमान, जुलैतलं कमाल, वारा आणि सर्वांत छोट्या दिवसाची लांबी लिहून घ्या.

आणखी एक आकडा हवामानाच्या ॲपवर असतो, पण कोणी बघत नाही: दवबिंदू. हवा किती अंशांपर्यंत गार केली की तिच्यातलं पाणी थेंब होऊन बाहेर पडतं, तो हा आकडा. आर्द्रतेची टक्केवारी दिवसभर वरखाली होते, दवबिंदू त्या मानाने स्थिर राहतो, म्हणून तुलनेला तोच बरा. आपल्याकडे पावसाळ्यात तो २४-२५च्या आसपास असतो. नव्या गावातला आकडा त्याच्या जवळ असेल तर हवा ओळखीची समजा. १० असेल तर हवा सुकी. शून्याच्या खाली गेला तर पायरी ५ दोनदा वाचा.

पायरी ३: आखातात जाणार असाल तर

आखातात दोन प्रकारचं ऊन आहे, आणि बरेचजण ते एकच समजून जातात. मस्कत, दुबई, दोहा ही किनाऱ्यावरची गावं. तिथला ऑगस्ट म्हणजे आपला मे महिना, वर आणखी काही अंश. ओमानमध्ये किनारा सोडून आत निझवाच्या बाजूला गेलात की ऊन कोरडं होतं आणि पंचा अर्ध्या तासात पापडासारखा कडक होतो. रात्री गारवा मिळेल हा हिशेबही धरू नका. मस्कतभोवतीचे उघडे डोंगर दिवसभर तापतात आणि रात्री ती उष्णता सोडत बसतात. ओमानमधलं कुरय्यात हे समुद्राकाठचं मासेमारीचं गाव. २६ जून २०१८ रोजी तिथे चोवीस तासांतलं किमान तापमान ४२.६ अंश होतं. कुवेतमधल्या मित्रिबाहला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश नोंदवले गेले.

जायचा महिना तुमच्या हातात असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी निवडा. हिवाळ्यात पोचलेला माणूस हळूहळू उन्हात शिरतो. जूनमध्ये विमानातून उतरलेल्याला ती सवलत मिळत नाही.

मी जूनमध्येच उतरलो होतो. दुसऱ्या आठवड्यात आतल्या, कोरड्या बाजूच्या बांधकामावर उभा असताना सदरा कोरडा होता, म्हणून वाटलं की घाम कमी येतोय, आपल्याला हे ऊन मानवलं. प्रत्यक्षात घाम सुटत होता आणि सुटल्या सुटल्या उडून जात होता. सदऱ्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, त्यांचा अर्थ मला कळला नाही. थोड्या वेळाने डोकं गरगरलं आणि बोलणं अडखळायला लागलं. शेजारच्या केरळी सहकाऱ्याने सावलीत ओढून डोक्यावर, मानेवर ओले टॉवेल टाकले, म्हणून आज हे लिहितोय. आपल्याकडे घाम दिसतो, त्यावरून पाणी प्यायची आठवण होते. कोरड्या उन्हात ती खूणच नसते.

म्हणून घड्याळ लावून पाणी प्या. उन्हात काम असेल तर दर १५-२० मिनिटांनी एक पेला. नुसतं पाणीही पुरत नाही, घामातून मीठही जातं. सकाळी मीठ घातलेली पेज, दुपारी ताक, संध्याकाळी आमसुलाचं सार, हे तिथेही सहज जमतं. आमसुलं सामानात जागा फार घेत नाहीत. रक्तदाब असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा. लघवी गडद झाली किंवा उन्हाळी लागली की समजा, शरीर पाणी मागतंय.

शरीराला ऊन शिकायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, भरपूर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. कामगारांच्या आरोग्यासाठी सांगितलेला नियम असा: नव्या माणसाने पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या एक पंचमांश वेळच काम करायचं आणि रोज तेवढीच भर घालायची. मुकादमाला हे सांगायला संकोचू नका. दुपारची सक्तीची सुट्टी हाही तुमचा हक्क आहे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उघड्यावर उन्हात काम करायला बंदी आहे, ओमानमध्ये जून ते ऑगस्ट १२:३० ते ३:३०, कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३:३०.

कपड्यांचं आपलं गणित तिथे उलटतं. घरी आपण उकडलं की सदरा काढतो आणि खांद्यावर पंचा टाकून बसतो. तिथल्या उन्हात अंग झाकायचं: सैल, लांब बाह्यांचा सुती सदरा आणि डोक्यावर फडकं. पंख्याचंही तसंच. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा गार करत नाही, गरम वाफ अंगावर मारतो. अशा वेळी ओल्या फडक्याने अंग पुसत राहा.

कोणी असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

एक आनंदाची गोष्टही सांगायला हवी. ओमानच्या दक्षिणेला सलाला आहे. आपल्याकडे पाऊस घेऊन येणारे नैऋत्य मोसमी वारे तिथल्या डोंगरांनाही धुक्यात आणि भुरभुर पावसात बुडवतात, जून ते सप्टेंबर. तिथे नारळ आहेत, केळी आहेत, रस्त्याकडेला शहाळी विकायला असतात. वर्षभर रखरखाट सोसलेल्या कोकणी माणसाने ऑगस्टमध्ये एकदा तिथे जाऊन यावं.

पायरी ४: थंडीत बाहेर पडताना

कोट इथून नेऊ नका. मुंबईत मिळणारा जाड कोट उणे २०साठी शिवलेला नसतो, आणि वजन मात्र भरतो. विमानतळ ते घर एवढ्यापुरतं थर्मल, स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे न्या. बाकी सगळं तिथे घ्या, जुन्या कपड्यांच्या दुकानातही चांगलं मिळतं.

आजीची गोधडी आठवा. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक असतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकते. ऊब त्या हवेची असते. थंडीचे कपडे याच तत्त्वावर घालायचे. अंगालगत लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं पातळ थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड), वर वारा अडवणारा कोट. अंगालगत सुती बनियन नको. आपल्याला सुती कापडाची सवय आहे खरी, पण ते घाम पिऊन ओलं राहतं, आणि ओलं कापड बाहेर गेल्यावर अंगातली ऊब खेचून घेतं. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबू नका, हवेला जागा उरत नाही आणि रक्तही नीट फिरत नाही. हातमोजे चारही बोटं एकत्र राहतील असे घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात.

वाऱ्याचा आकडा इथे कामाला येतो. उणे १० अंशांवर ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर जाणवतं उणे २०सारखं. जाणवणारा आकडा उणे २८च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. आधी कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडा आणि बोटं जातात. जागा पांढरट पडली, बधिर झाली तर चोळू नका आणि शेकोटीजवळही धरू नका, कारण बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. आत येऊन कोमट पाण्यात बुडवा आणि डॉक्टर गाठा.

बर्फावर चालणं मात्र आपल्याला फार शिकावं लागत नाही. श्रावणात शेवाळलेल्या पाखाडीवरून डोक्यावर हंडा घेऊन उतरताना जसं चालतो तसंच: पाऊल पूर्ण टेकवायचं, छोटं टाकायचं, हात खिशाबाहेर ठेवायचे.

पायरी ५: थंड देशातल्या घराच्या आत

याबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं. बाहेरच्या थंडीची तयारी सगळे करतात, पण दिवसाचे वीस-बावीस तास आपण घरातच असतो.

हिशेब बघा. जुलैमध्ये आपल्याकडच्या एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाण्याची वाफ असते. उणे १० अंशांच्या हवेत फार तर सव्वादोन ग्रॅम मावते. ती हवा घरात येते आणि हीटर तिला २२ अंशांपर्यंत तापवतो. वाफ तेवढीच राहते आणि आर्द्रता उतरते १२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे खोली उबदार, पण आतली हवा वाळवंटाची. पहिल्या हिवाळ्यात माझा घोळणा रोज फुटायचा, ओठांना आणि टाचांना भेगा पडल्या, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसायचा. मला वाटलं, काहीतरी मोठा आजार आहे. मग एका रात्री धुतलेला टॉवेल दोरी नव्हती म्हणून खाटेच्या कठड्यावर टाकला. सकाळी तो कडक वाळलेला होता आणि नाक त्या दिवशी बरं होतं. टॉवेलचं पाणी हवेने प्यायलं होतं.

तेव्हापासून हिवाळ्यात कपडे खोलीतच वाळत घालायचे, हा माझा नियम. ते पुरलं नाही तर ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, घ्या आणि आर्द्रता ३० ते ४० टक्के ठेवा. कडाक्याच्या थंडीत त्याहून कमी, नाहीतर खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरतो. अंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात करा. कढत पाण्याखाली उभं राहायचा मोह होतो, पण कातडीचं उरलंसुरलं तेल त्यातच जातं. अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा. ते २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे बाटली नेऊ नका, रुंद तोंडाचा डबा न्या.

पण हेच सगळं जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये केलंत तर भिंतीला बुरशी येईल. तिथला हिवाळा सौम्य आणि ओला, आणि घरं पक्की बंद. आपल्या कौलारू घरात दारं लावली तरी कौलांच्या फटींतून हवा खेळते, त्यामुळे खिडकी उघडणं हे वेगळं काम असतं हे आपल्या मनातच येत नाही. जर्मनीत हवा बदलणं ही भाडेकरूची जबाबदारी मानली जाते. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटांनी लावायच्या. दिवसभर किलकिली ठेवली तर भिंती गार पडतात आणि बुरशी उलट वाढते. भात शिजवला, अंघोळ झाली, की लगेच हवा बदला.

मग तुमचं घर कोणत्या जातीचं, हे कसं ओळखायचं? सकाळी उठून काच बघा. काचेवरून पाणी ओघळत असेल तर हवा जास्त ओली, खिडकी उघडा. काच कोरडी आणि नाक चरचरतंय, तर पंचा भिजवून टाका.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. दुसरं, हिवाळ्यात सुट्टीवर जाताना बिल वाचवायला हीटर पूर्ण बंद करू नका. नळातलं पाणी गोठतं, पाइप फुटतो आणि घरभर पाणी होतं. कमीवर ठेवून जा.

आणि बांगडे तळताना एक्झॉस्ट सुरू करून स्वयंपाकघराचं दार लावा. वास आठवडाभर कोटांत राहतो.

पायरी ६: उजेड

रत्नागिरीत सर्वांत छोटा दिवसही ११ तासांचा असतो. विनिपेग आणि लंडनला डिसेंबरात तो ८ तासांच्या आसपास येतो. अंधारात कामावर जायचं आणि अंधारात परतायचं, असे दोन महिने गेले की माणूस आतून विझतो. दुपारच्या सुट्टीत रोज बाहेर पडा, कितीही थंडी असली तरी. हिवाळ्यातलं तिरकं ऊन कातडीला ड जीवनसत्त्व करू देत नाही, आणि आपल्या सावळ्या रंगाला तर जास्तच कठीण जातं. ब्रिटनची आरोग्यसेवा दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायचा विचार करायला सांगते. डॉक्टरांशी बोलून घ्या. उदासपणा काही आठवडे हटला नाही तर त्यासाठीही डॉक्टरांकडे जा. घरी फोनवर "सगळं बरं आहे" एवढंच सांगत राहू नका.

पायरी ७: थंड देशातही उन्हाळा असतो

१९ जुलै २०२२ला इंग्लंडमध्ये ४०.३ अंश झाले, २५ जुलै २०१९ला जर्मनीत ४१.२. तिथली घरं ऊब धरायला बांधलेली, छताला पंखा नाही, बहुतेक घरांत एसीही नाही. अशा वेळी आपलं शहाणपण वापरा: दिवसा पडदे आणि खिडक्या बंद, रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. टेबलफॅन मे महिन्यातच घेऊन ठेवा.

पायरी ८: परत येताना

शरीर ऊन विसरतं, तेही काही आठवड्यांत. पाच वर्षांनी आंबे-फणसांसाठी मे महिन्यात थेट गावी उतरलात तर पहिले आठ-दहा दिवस नव्या माणसासारखेच जपून काढा. तिकडे जन्मलेल्या मुलांना घामोळं येतं, चिडचिड होते. त्यांना सुती झबली घाला, दुपारी बाहेर सोडू नका, कोकम सरबत देत राहा. जमलं तर पहिली भेट डिसेंबर-जानेवारीत ठरवा. तेव्हा खारा वारा असतो, पहाटे गोधडी लागते आणि नातवंडांना अंगणात दिवसभर खेळता येतं.

कायमचं परतत असाल तर लोकरीचा कोट आणू नका. मी आणला. पहिल्याच आषाढात कपाटात त्याला बुरशी धरली आणि कितीही उन्हं दाखवली तरी वास गेला नाही. निघायच्या आधी तिकडेच बघा, आपल्या बाजूचं कोणीतरी नुकतंच उतरलेलं असतं, पातळ जाकिटात कुडकुडत. त्याला द्या, आणि खिशात हातमोजेही ठेवा.